साबण खाणारी प्रजा

२०२३ साल. माझं वय एकाहत्तर. त्या वर्षी सिंगापुरातल्या टॅम्पिनीसमध्ये आमच्या ब्लॉकच्या इमारतीखालच्या बागेत मला एक वाफा मिळाला, आणि त्या वाफ्यापायी मी सगळ्या बागेशी वाकडं घेतलं.

वाफा म्हणजे फार काही नव्हे. एक माणूस हातपाय पसरून झोपेल एवढी जागा, चारी बाजूंनी विटा. ब्लॉकमधली रिकामी माणसं तिथे कांगकोंगची भाजी लावतात, मिरच्या लावतात, भातात घालायची वासाची पांदानची पानं लावतात. बागेची एक कमिटी आहे. कमिटीचे मुख्य म्हणजे एक चिनी गृहस्थ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, जन्मभर बस चालवलेले. सगळे त्यांना अंकल म्हणतात आणि ते मला अंकल म्हणतात. इथे सत्तरी गाठलेला प्रत्येक माणूस दुसऱ्याचा अंकल असतो, त्यामुळे नावं लक्षात ठेवायची कटकट नाही.

मी अळू लावलं. लिटल इंडियातून कंद आणले, त्यातले सहा निवडून लावले. बायको म्हणाली, मिरच्या लावा, लवकर येतात. मी म्हटलं, मिरच्या सगळेच लावतात.

आता अळवाला नळाचं पाणी घालायचं नसतं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. आमच्या गावी घरामागे न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे अळू आणि केळ असायचीच. कोणी मुद्दाम शिंपत नसे. घरातली माणसं आंघोळी करायची, बायका धुणी धुवायच्या, आणि भिंतीपलीकडे पानं सुपाएवढी व्हायची. इथे बागेचा नळ माझ्या वाफ्यापासून दहा पावलांवर आहे. पण प्यायचं पाणी अळवाला ओतायचं म्हणजे तूप चुलीत ओतण्यातला प्रकार. माझ्या हाताने ते व्हायचं नाही.

म्हणून मी आमच्या वॉशिंग मशीनचं पाणी धरायला लागलो. घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि सून. मुलगा मरीन इंजिनियर, तो सहा सहा महिने बोटीवर. सून बँकेत जाते. तिने सकाळी मशीन लावलं की मी मागची नळी बादलीत सोडायचो, बादलीतून दोन डबे भरायचो आणि लिफ्टने खाली. डब्यांची झाकणं काही नीट बसायची नाहीत. लिफ्टमध्ये साबणाचं पाणी सांडायचं. मग मी पुढे डबे घेऊन आणि बायको मागे फडकं घेऊन, अशी आमची मिरवणूक निघायची. शेजारच्या बाईंनी सुनेला विचारलं म्हणे, तुमच्याकडे रोज सकाळी कसली पूजा असते?

पंधरा दिवस अळू बरं होतं. मग पानांच्या कडा करपल्या. मातीवर पांढरट पापुद्रा आला. मी म्हटलं, ऊन लागलं असेल. मग एके दिवशी दुपारी जोराची सर आली आणि माझ्या वाफ्यातला साबणाचा फेस पाण्यावर तरंगत अंकलच्या वाफ्यात गेला. आठ दिवसांत त्यांचा कांगकोंग पिवळा पडला.

दोन दिवस अंकल दोन्ही वाफ्यांभोवती वाकून वाकून बघत फिरले. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक पिवळी काडी उपटून माझ्या हातात दिली. म्हणाले, “अंकल, माझी भाजी पिवळी, तुमची पण पिवळी. सांगा का ते.”

मी सांगितलं, ऊन.

“ऊन तर सगळ्यांवर पडतं,” ते म्हणाले, आणि माझ्या डब्याकडे बघत उभे राहिले.

रविवारी कमिटी बसली. बागेतच बसते, प्लास्टिकच्या स्टुलांवर. निकाल साधा होता. मी नळाचं पाणी घालायचं, नाहीतर वाफा सोडायचा. दुसऱ्या कोणी गुपचूप नळाकडे तोंड वळवलं असतं. मी उठून सांगितलं की पाणी मी हेच घालणार, पण त्यातला साबण काढून घालणार. कसा काढणार, असं एका मलाय बाईंनी विचारलं. त्या तिथे गवती चहा लावतात आणि फार गोड बोलतात. मी म्हटलं, जंतू खातील. सगळे हसले. माझं इंग्रजी बोटीवरचं आहे, ते हसण्यासारखंच आहे. पण त्या दिवशी ते इंग्रजीला हसले नव्हते.

अंकल हसले नाहीत. त्यांनी मला पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारपर्यंत वेळ दिला. त्या दिवशी माझं पाणी एका बाटलीत अर्धं भरायचं, सगळ्यांसमोर हलवायचं. फेस टिकला तर वाफा दुसऱ्याला. रांगेत तीन माणसं वाट बघत होती.

मला जंतूंचं काय कळतं, असं कोणालाही वाटेल. शाळा म्हणाल तर मी चौथीत दोनदा बसलो आणि पाचवीचं तोंड पाहिलं नाही. पण बोटीवर मी फिटर होतो, तीस वर्षं, आणि त्यातली बरीच वर्षं बोटीवरची संडासाची टाकी माझ्याकडे होती. ही टाकी लोखंडाची, इंजिन रूमच्या एका कोपऱ्यात. वीस-पंचवीस माणसांची घाण आणि मोरीचं पाणी तिच्यात येतं. एक ब्लोअर तिच्यात रात्रंदिवस हवा फुंकत असतो, कारण आत जंतू असतात आणि त्यांना श्वास लागतो. ते घाण खातात आणि पलीकडून निवळ पाणी निघतं. हे काम कोणाला नको असायचं. सेकंड इंजिनियर म्हणाला, हिला सांभाळेल असा माणूस या बोटीवर नाही. असं कोणी म्हटलं की माझा हात आपोआप वर जातो. बाकीचे मला संडासाचे सुभेदार म्हणायचे. म्हणोत. माझ्या टाकीला वास नव्हता, त्यांच्या खोल्यांना होता.

सेकंड इंजिनियर केरळचा होता. त्याने सांगितलं होतं, हिला यंत्र समजू नकोस, गोठ्यातली गाय समज. विष घालू नकोस आणि श्वास बंद करू नकोस. एकदा बंदरात तपासणीला माणूस येणार म्हणून आमच्या एका स्टुअर्डने सगळ्या संडासांत बाटल्याच्या बाटल्या ब्लीच ओतलं. संडास चकाचक झाले. टाकीतले जंतू मेले. चार दिवस कॅप्टनसुद्धा नाकाला रुमाल लावून जेवत होता.

एवढं मला ठाऊक होतं. पण माणसाची घाण खाणारे जंतू साबण खातील का, हे ठाऊक नव्हतं, आणि कमिटीसमोर तर मी बोलून बसलो होतो. जेवताना सुनेला विचारलं. तिने फोनमध्ये बघितलं आणि मला समजेल असं सांगितलं. साबणाच्या कणाला म्हणे एक लांब शेपूट असते. काही जातीचे जंतू ती शेपूट टोकाकडून कुरतडत येतात. शेपूट संपली की फेस संपला. हे जंतू कुठून विकत आणावे लागत नाहीत, मातीत असतात, पाण्यात असतात. त्यांना हवा मिळाली, बसायला जागा मिळाली आणि रोज तेच अन्न मिळालं की आपोआप वाढतात. फक्त धुण्यात ब्लीच नको. तिने लगेच कागदावर मोठ्या अक्षरांत तसं लिहून मशीनवर चिकटवलं. कोणासाठी, ते मला कळलं नाही. मशीन तीच लावते.

बायको म्हणाली, “चाळीस वर्षं मी धुणं धुतलं, कधी विचारलंत नाही पाण्यात काय असतं. आता त्याचे जंतू पाळायला निघालात.”

हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या दुकानांच्या बाजारातल्या, एका दुकानदाराने मला दोन निळी पिंपं दिली. त्यांत खारवलेला पाला येतो. एका पिंपाच्या बुडाला बारीक भोकं पाडली, त्यात मुठीएवढे दगड आणि नारळाचा काथ्या भरला, आणि ते विटांच्या दोन खांबांवर चढवलं. दुसरं त्याच्याखाली, बुडाशी तोटी बसवून. वरून धुण्याचं पाणी सोडायचं, ते दगडांवरून थेंब थेंब खाली उतरायचं, म्हणजे थेंबाला हवा लागते. खालच्या पिंपावर मी बारीक जाळी ताणून बांधली. इथे साठलेल्या पाण्यात डासाची एक अळी सापडली तरी तपासणारे लोक दंड करतात, आणि अंकल दर दोन दिवसांनी बॅटरी घेऊन जाळीतून आत डोकावत असत. एकही अळी त्यांना मिळाली नाही. मिळाली असती तर बरं वाटलं असतं, असा चेहरा करून ते परत जात.

एका गोष्टीची अडचण होती. पाणी एकदा दगडांवरून गेलं की साबण जात नाही, ते पुन्हा पुन्हा फिरवावं लागतं. बोटीवर पंप असतो. इथे पंपाला वीज कुठून आणायची? मग पंप मीच झालो. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी खालचं पाणी तोटीतून बादलीत काढून वर ओतायचं. मुलाने बोटीवरून फोन केला, बाबा, कंबर जपा. मी त्याला म्हटलं, तू तुझं इंजिन जप.

पहिले पंधरा दिवस काही नाही. अंकल सकाळी येत, माझ्या पिंपातलं पाणी बाटलीत भरत, हलवत, आणि बाटली विटेवर ठेवून जात. फेस बाटलीच्या गळ्यापर्यंत. मी ती बाटली उचलून ओतून टाकायचो. बायको वर गॅलरीतून बघत असायची. तिला तिथून फेस दिसत नव्हता, पण माझी मान दिसत होती.

तिसऱ्या आठवड्यात दगडांना हात लावला तर बुळबुळीत लागले. पिंपाला कुजकट वास यायचा तो गेला, आणि शिंपल्यावर अंगणाला येतो तसा वास आला. मी बायकोला खाली आणलं. तिने एक बोट दगडावरून फिरवलं, तपकिरी चिकट साय बोटावर आली.

“शेवाळ धरलं म्हणा की,” ती म्हणाली.

मी म्हटलं, शेवाळ नव्हे, वस्ती आहे ती. एका बोटावर तू गावच्या गाव उचललंस. तिने बोट माझ्या शर्टाला पुसलं आणि म्हणाली, घ्या, तुमची प्रजा तुम्हाला परत. तेव्हापासून घरात त्यांचं नाव प्रजा पडलं. सून कामावरून आली की विचारायची, बाबा, प्रजा जेवली का? मीही सांगायचो, आज चादरी होत्या, पोटभर जेवली.

चौथ्या आठवड्यात अंकलनी बाटली हलवली आणि दहापर्यंत मोजलं. दहाला फेस गेलेला होता. त्यांनी पुन्हा हलवली, पुन्हा मोजलं. मग बाटली डोळ्यासमोर धरून सूर्याकडे बघितलं आणि म्हणाले, “हं.” चिनी माणसाचं “हं” मी सहसा मोजत नाही, पण ते मी मोजलं. त्याच आठवड्यात अळवाला नवं पान सुटलं, गुंडाळलेलं, टोकदार. मग दुसरं सुटलं. मलाय बाई म्हणाल्या, आमच्याकडे याला केलाडी म्हणतात, पण हे तर राजाचं केलाडी दिसतंय. मी कमिटीतल्या सगळ्यांना रविवारी अळूवडी खायला घालणार असं जाहीर करून टाकलं.

आता शनिवारचं सांगतो.

रविवारी परीक्षा. शहराच्या दुसऱ्या भागातल्या, बिशानच्या एका बागेतले दोघं मुद्दाम बघायला येणार होते, असं अंकलनी सांगितलं. बायको आणि सून अळूवडीचं सामान आणायला बाहेर गेल्या होत्या. मी एकटाच खाली. पिंपांकडे बघितलं आणि मला लाज वाटली. बोटीवर सर्व्हेअर येणार म्हटलं की आदल्या दिवशी इंजिन रूममध्ये कोणी बसत नसे. पाइप पुसायचे, पितळ घासायचं, जमीन अशी धुवायची की त्यावर भात वाढावा. माझ्या टाकीला तर मी बाहेरून असं घासायचो की चीफ इंजिनियर तिच्यात बघून भांग पाडायचा. आणि इथे पाहुणे येणार, आणि माझ्या दगडांवर ही तपकिरी साय, पिंपाच्या आत डाग, काथ्या काळा पडलेला.

मी सगळे दगड बाहेर काढले. काथ्याचा ब्रश घेतला आणि नळाखाली एकेक दगड घासला. हाताला बुळबुळीत लागेनासा होईपर्यंत. पिंप आतून घासलं. जुना काथ्या टाकून नवा आणला. दगड दुपारभर सिमेंटवर उन्हात वाळत घातले, पापड घालावेत तसे, ओळीने. संध्याकाळी पुन्हा भरले, बाहेरून पिंपांवर निळा रंगही दिला. एकटा, एकाहत्तराव्या वर्षी. कंबर धरून उभा राहिलो आणि बघितलं. असं पिंप सिंगापुरात दुसरं नव्हतं. सकाळचं धुण्याचं पाणी वरून सोडलं आणि घरी जाऊन वरणभात खाल्ला.

रविवारी सगळे जमले. बायकोने अळूवड्यांचं ताट स्टुलावर ठेवलं होतं, वर जाळीचं झाकण. सून तिच्याशेजारी. बिशानच्या पाहुण्यांनी पिंपांचे फोटो काढले. अंकलनी बाटली भरली, माझ्याकडे बघून मान हलवली, आणि बाटली हलवली.

फेस गळ्याला आला आणि तिथेच बसला. दहा झाले, वीस झाले. अंकल मोजायचे थांबले तरी फेस बसलेला. त्यांनी दुसऱ्यांदा भरलं. तेच. मलाय बाई जमिनीकडे बघत होत्या, आणि मला तेच सोसलं नाही. ओरडले असते तर चाललं असतं.

मी सांगितलं, पावडर बदलली असणार. माझं पाणी कालपर्यंत साफ होतं, अंकल साक्षीला आहेत. घरी मशीन सून लावते. तिने दुसरी कुठली तरी पावडर घातली, दुसरं काही असूच शकत नाही. हे मी सगळ्यांसमोर, इंग्रजीत, मोठ्या आवाजात सांगितलं, तिच्याकडे हात करून. मला तसं खरंच वाटलं, असं नंतर मी स्वतःला पटवत होतो. पण मी शोधलं नव्हतं. हाताला जे लागलं ते फेकलं, एवढंच.

सुनेने ताट उचलून सगळ्यांना वड्या दिल्या. लोकांनी त्या खाल्ल्या, चांगल्या झाल्यात म्हणाले, हळू आवाजात. अंकल म्हणाले, सोमवारी संध्याकाळपर्यंत पिंपं हलवा. वाफ्याचं नंतर बघू.

घरी आलो. सुनेने कपाटातून पावडरीचा डबा काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

“बाबा, पावडर तीच आहे. तुमच्या जंतूंना चालेल की नाही म्हणून महिनाभर मी कपडे मऊ करायचं औषधसुद्धा घातलं नाही. ऑफिसला खरखरीत शर्ट घालून जाते. कोणाला बोलले नाही.”

आणि ती खोलीत गेली. दार आपटलं नाही तिने. हळूच लावलं.

बायको पोळ्या लाटत होती. तिने पाठमोरीच विचारलं, काल दिवसभर खाली काय करत होतात? मी सगळं सांगितलं. दगड कसे घासले, कसे वाळवले, रंग कसा दिला. सांगताना मला थोडा अभिमानही वाटत होता, खोटं कशाला बोलू. तिचं लाटणं थांबलं.

“विरजणाचं भांडं घासूनपुसून उन्हात ठेवलंत,” ती म्हणाली, “आणि दही लागलं नाही म्हणून दूधवाल्याला शिव्या देताय.”

इतकी वर्षं मी ती टाकी सांभाळली. पण टाकी बंद होती. तिच्या आत माझा ब्रश कधी पोचलाच नाही, म्हणून ती जगली. ती माझ्यामुळे जगली असं मी सगळ्यांना सांगत आलो. ज्या स्टुअर्डला मी चार दिवस शिव्या दिल्या त्याने बाटली वापरली, मी ब्रश वापरला. दोघांनीही पाहुणे येणार म्हणून केलं.

सुनेच्या दाराशी गेलो. मला माफी मागता येत नाही. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, बायकोलाही माझी माफी ऐकायला मिळालेली नाही. दारावर बोट वाजवून मी म्हटलं, “पावडर तुझी बरोबर होती. दगड मी घासले. प्रजा मी मारली.”

तिने दार उघडलं. हसली नाही. म्हणाली, “हे मला नका सांगू, बाबा. मला ठाऊकच आहे. जिथे बोललात तिथे सांगा.”

मी म्हटलं, पिंपं तर उद्या जाणारच आहेत, आता सांगून काय फायदा. ती म्हणाली, पिंपांचं मी म्हणत नाही. एवढंच. मग बायकोने पोळ्या वाढल्या आणि आम्ही तिघं जेवलो. कोणी प्रजेचं नाव काढलं नाही. मी नेहमीसारख्या चार पोळ्या खाल्ल्या, कारण तीन खाल्ल्या असत्या तर दोघींनी बघितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी खाली गेलो. त्या वेळी ब्लॉकखाली सगळे म्हातारे-म्हाताऱ्या रांगा करून संथ व्यायाम करतात, चिनी गाणं लावून. कमिटी बहुतेक त्यातच असते. अंकल पुढे, त्यांची बायको दुसऱ्या रांगेत. मी सरळ पुढे जाऊन उभा राहिलो आणि अंकलना गाणं बंद करायला सांगितलं. तीसेक माणसं हात वर करून थांबली.

मी म्हटलं, काल मी माझ्या सुनेचं नाव घेतलं, ते खोटं होतं. पावडर तीच होती. परीक्षा होती म्हणून शनिवारी मी दगड घासून धुतले, जंतू सगळे नळाने गटारात गेले. चूक माझी, घरात दुसऱ्या कोणाची नाही. पिंपं मी आज काढतो.

पाच वाक्यं असतील. पण इंजिन रूमच्या आवाजात ओरडून बोलायची सवय मला नडली. वरच्या मजल्यांवरून लोक डोकावले.

अंकलनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं. त्यांच्याकडे पूर्वी मोठी माशांची टाकी होती. चिनी नववर्षाला पाहुणे येणार म्हणून त्यांनी टाकीतला फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून चोळून पांढरा केला. आठ दिवसांत सगळे मासे मेले. “मी म्हटलं, बायकोने जास्त खायला घातलं. वीस वर्षं झाली. अजून तिला तसंच वाटतं.”

ते हळू बोलले होते, पण गाणं बंद होतं. दुसऱ्या रांगेतल्या त्यांच्या बायकोने वर केलेले हात सावकाश खाली घेतले, पुढे आली आणि खांद्यावरच्या टॉवेलने त्यांच्या पाठीत एक फटका मारला. मग दुसरा मारला. चिनी भाषेत काय काय म्हणाली ते मला कळलं नाही, रांगांना कळलं; मलाय बाई तर खाली बसून हसत होत्या.

टॉवेल थांबल्यावर अंकलनी मला विचारलं, पुन्हा वस्ती व्हायला किती दिवस?

“एकवीस. घासलं नाही तर.”

“कॅन,” ते म्हणाले, म्हणजे चालेल. “पण ब्रश माझ्याकडे द्यायचा.”

मी ब्रश आणून दिला. मग खालच्या पिंपाच्या तोटीतून महिनाभर जिथे पाणी ठिबकत होतं तिथली काळी, बुळबुळीत माती दोन्ही हातांनी उकरली, मूठमूठ करून विरजणासारखी माझ्या त्या पांढऱ्याशुभ्र दगडांवर लिंपली, आणि वर जाऊन सुनेला म्हटलं, मशीन लाव.